घरचा काजू

लग्न होऊन मी धसईजवळच्या या गावात आले, तेव्हा आमच्या घरामागच्या माळावर गवताशिवाय काही नव्हतं. खाली भाताची खाचरं, त्याच्या वर नाचणी-वरीचा एक तुकडा आणि त्याहून वर हा उतार. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा, आणि होळीच्या सुमाराला कुणाच्या तरी विडीने पेटून काळा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा मुरबाडला कंपनीत पाळीवर जायचा. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच, सासरे आणि मी. माझ्या माहेरी, शेणव्याकडे, सुना सासऱ्यांसमोर बोलत नसत. इथेही तीच रीत होती. मी ताट वाढून ओटीवर ठेवायची आणि आत जायची. काही हवं असलं की ते खाकरायचे. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं जवळजवळ त्या खाकरण्यावरच चाललं.

मुलगी झाली ती आषाढात, माझ्या माहेरी. बारशाला सासरे भर पावसात एसट्या बदलत शेणव्याला आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, हातांना लाल माती. पाय धुऊन ते बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "व्याही, नातीच्या नावानं माळावर काजू लावली. कलमं आणली चांगली."

माझे वडील हसले. "नात जाईल सासरी. काजू ऱ्हाईल तुमच्याच माळावर."

"जाईल तवा जाईल," सासरे म्हणाले. "तवर खाईल तरी."

मी आतून ऐकत होते. सासरे एका दमात एवढं बोललेले मी तोवर ऐकलं नव्हतं.

पोरीला घेऊन सासरी परतले तेव्हा माळावर गुडघ्याएवढी रोपं उभी होती, प्रत्येकाला काठीचा आधार, भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण. पाऊस होता तोवर ठीक होतं. खरी मेहनत दिवाळीनंतर सुरू झाली. सासऱ्यांनी प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक मडकं पुरलं आणि ओढ्यावरून कावडीने पाणी आणून ती मडकी भरायला लागले. ओढा आटला की विहिरीवरून. गावातली माणसं म्हणायची, म्हाताऱ्याला उद्योग नाय. ते उत्तर देत नसत. उन्हाळ्यात भल्या सकाळी दोन खेपा आणि ऊन उतरल्यावर दोन खेपा, असं तीन उन्हाळे त्यांनी केलं.

त्या झाडांमुळेच आम्ही बोलायला लागलो. कलमाच्या जोडाखालून फूट आली की ती खुडून टाकावी लागते, नाहीतर खालचं रानटी झाड वाढतं आणि वरचं मरतं. सासऱ्यांची नजर कमी झाली होती, ती फूट त्यांना दिसायची नाही. एक दिवस ते ओटीवर येऊन खाकरले. मी पाणी घेऊन गेले. ते म्हणाले, "पाणी नको. माळावर चल जरा. तुजे डोळे चांगले." मी पोरीला कडेवर घेऊन वर गेले आणि दुपारपर्यंत आम्ही झाडामागून झाड बघत गेलो. मी दाखवायची, ते खुडायचे. दुसऱ्या वर्षी काही झाडांना मोहोर आला तर तोही त्यांनी काढून टाकला. मला वाईट वाटलं. "आताच खाल्लं तर झाड मोठं कवा होणार?" ते म्हणाले. पोरगी तोवर चालायला लागली होती. ती त्यांच्या मागे मागे, त्यांनी टाकलेला मोहोर वेचत जायची आणि आपल्या डोक्यावर ठेवायची.

ती चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात पहिला खरा काजू हाती आला. पिवळी, लाल बोंडं आणि त्यांच्या टोकाला लटकलेली बी. मी ओल्या काजूगरांची उसळ केली. माझ्या माहेरीही कुणी केली नसेल अशी झाली होती ती. पोरीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. थोड्या वेळाने तिचा ओठ सुजला, गालावर चट्टे उठले. शेजारची म्हातारी येऊन बघून गेली. "चीक लागला असंल गो. खोबरेल लाव."

आम्हालाही तेच वाटलं. काजूच्या टरफलातला चीक लागला की कातडी भाजते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत माझी बोटं सोललेली होती, सासऱ्यांच्या मनगटावर काळा डाग होता. सगळ्या घरालाच चट्टे, त्यात पोरीचे वेगळे कोण ओळखणार? दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पण त्यानंतर तिने काजूला तोंड लावलं नाही. पुढे काय दिलं तरी तोंड फिरवायची. नवरा म्हणायचा, "आख्ख्या दुनियेला काजू पायजे, आणि हिचे नखरे बघा." सासरे काही म्हणत नसत. पण पहिला भाजलेला गर ते दर वर्षी तिच्यासमोर धरायचे, आणि तिने मान हलवली की स्वतःच्या तोंडात टाकायचे. तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडायचा.

ती सातव्या वर्षात होती. एप्रिलची सकाळ. घराच्या अंगणाला लागूनच दोन झाडं होती, त्यांच्या सावलीत सासऱ्यांनी तीन दगडांवर भोकं पाडलेला पत्रा ठेवला होता. पत्र्यावर बिया, खाली काटक्या. बिया तापल्या की त्यांतून तेल फुसफुसत बाहेर येतं आणि भडका उडतो; मग पत्रा उलटा करून त्यावर माती टाकायची. निवल्या की दगडावर ठेवून लाकडाच्या दांड्याने फोडायच्या. मी बाजूला मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते. पोरगी आजाच्या समोर बसली होती. त्या दिवशी त्यांच्या हाताला एक गर अगदी अख्खा लागला, जराही न तुटलेला, कडेला सोनेरी झालेला. त्यांनी तो फुंकला आणि तिच्यासमोर धरला.

"खा गो. आपल्या झाडाचा हाय. तुज्या झाडाचा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि त्या दिवशी तिने मान हलवली नाही. तोंड उघडलं. आजाला बरं वाटावं म्हणून खाल्ला असं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सासरे इतके हरखले की त्यांनी लगेच दुसरा फोडला आणि तोही तिला दिला.

मशीनवर माझी एक बाही जोडून झाली असेल नसेल. पोरगी उठून माझ्याजवळ आली. "आये, घशात काटा हाय." मी म्हटलं पाणी पी. पाणी पिताना तिला ठसका लागला आणि ओकारी झाली. मी तोंड धुवायला नेलं तर डोळे बारीक झालेले, ओठ जाड झालेले, आणि पोटावर, मानेवर लाल गांधी. ती काहीतरी बोलायला गेली, पण आवाज तिचा नव्हता. घोगरा, लांबून आल्यासारखा. मग श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

मी तिला उचलून रस्त्याकडे धावले. सासरे अनवाणी माझ्या मागे. गावातल्या एकाचा भाजीचा टेम्पो धसईच्या बाजाराला निघत होता, मागे भेंडीचे क्रेट भरलेले. त्याने पोरीकडे एकदा बघितलं, बाकी काही विचारलं नाही. क्रेट सरकवून जागा करायलाही तो थांबला नाही. "पुढं बसा" म्हणाला. मी पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसले. सासरे मागे भेंडीवर चढले. रस्ताभर मी तिच्या छातीवर हात ठेवून होते. छाती वर यायची, थांबायची, आणि पुन्हा वर येईपर्यंत मी काय काय कबूल केलं देवाला, ते आता सांगत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पोरीला माझ्या हातातून घेतानाच विचारलं, "काय खाल्लं हिने?"

मी तोंड उघडायच्या आत मागून सासऱ्यांचा आवाज आला. "काजू. मी दिला." आणि मग, जणू एवढ्याने काही फरक पडेल असं, ते म्हणाले, "घरचा हाय."

डॉक्टरणीने पोरीच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडाला नळी लावली. आम्ही बघत उभे. हळूहळू ती शिट्टी बारीक होत गेली. ओठांचा निळसर रंग गेला. पोरीने डोळे उघडून पहिला शब्द उच्चारला तो "आजा" असा. सासरे पुढे झाले, तिच्या कपाळावर हात ठेवायला, तेव्हा नर्सने त्यांचं मनगट वरच्यावर धरलं. "बाबा, हात बघा तुमचे. आधी धुऊन या."

त्यांचे हात काळे होते. काजूच्या तेलाने होतात तसे, बोटांच्या टोकांपासून तळव्यापर्यंत. ते बाहेर नळावर गेले. मला खिडकीतून दिसत होतं. साबणाने धुतले, मग मातीने घासले, मग दगडाने. तो काळा रंग असा जात नाही, कातडी सुटते तेव्हाच जातो. ते पुष्कळ वेळ नळावर होते. मग आत आलेच नाहीत, बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिले. त्यानंतर महिनाभर, हात स्वच्छ होईपर्यंत, त्यांनी नातीला हात लावला नाही. ती रडायची, "आजा मला घेत नाय." ते दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याशी बोलायचे.

पुढे कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हिच्या शरीराला काजू चालत नाही, आणि हे जाणारं दुखणं नाही. गर नको, बोंड नको, काजू घातलेलं काहीही नको. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात काजूचा वापर किती होतो?" माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "साहेब, आमची काजूची बाग आहे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुऱ्हाडीचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर अंगणाजवळचं एक झाड पडलं होतं आणि सासरे दुसऱ्यावर घाव घालत होते. हिरवीगार झाडं, मोहोर आणि बोंडं दोन्ही अंगावर. नवरा ओटीवर उभा होता. मी त्याला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, "तोडू दे. माजंबी तेच मन हाय."

दुसरं झाड पडलं. सासऱ्यांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि माळाकडे निघाले. मी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर सरकला होता, मला भान नव्हतं.

"बाबा, बस झालं."

"बाजूला हो गो."

"माळावरची सगळी तोडाल. शाळेत कुणाच्या डब्यात असंल, ती कशी तोडाल? लग्नात शिऱ्यात असंल. देवळातल्या प्रसादात असंल. ते कोण तोडणार?"

ते थांबले, पण कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"तिला काजू वळखायला शिकवायला पायजे बाबा. घरात नसंल तर शिकंल कुठं?"

खरं सांगायचं तर हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघत गेलं तसं मलाही पटत गेलं. सासऱ्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि ओटीवर जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी नवऱ्याने पडलेल्या झाडांच्या फांद्या ओढून दूर टाकल्या. अंगणात आता ऊन सरळ ओटीपर्यंत येतं.

त्यानंतर आमच्या घराची रीतच बदलली. माळावर अगदी वरच्या टोकाला सासऱ्यांनी एक मांडव घातला. बी वेचणं, वाळवणं, भाजणं, फोडणं, सगळं तिथे. माळावर जायचे कपडे वेगळे, ते मांडवाच्या खुंटीला. मी जुन्या जीन्सचे हातमोजे शिवले, कोपरापर्यंत येणारे. खाली येताना ओढ्यावर किंवा विहिरीवर अंघोळ, मग घरात पाऊल. पाहुणे हसायचे, हे कसलं सोवळं म्हणायचे. सासरे या बाबतीत माझ्याहून कडक होते. एकदा नवरा कामाच्या घाईत तसाच घरात आला, तर सत्तरीच्या माणसाने पन्नाशीकडे झुकलेल्या मुलाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

आणि पोरीला मी शिकवलं. अख्खा गर कसा दिसतो, कुटलेला कसा दिसतो, दुधात वाटलेला कसा फसवतो. पहिल्यांदा विचारायचं, मग घास. वर्गात कुणी लाडू दिला की "यात काय हाय?" विचारायची. त्यापायी तिला मैत्रिणी चिडवायच्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन दप्तरात असायचं, ते कसं टोचायचं हे तिच्या बाई आणि मी दोघींनी शिकून घेतलं. दहावीनंतर ती दोन वर्षं माझ्या भावाकडे भातसानगरला राहून शिकली. तो धरणाच्या वसाहतीत नोकरीला आहे. तिथे काजूचं झाड नव्हतं, तेवढं बरं वाटायचं. पण तिला करमत नसे. सुट्टीला आली की ती माळाच्या खालच्या बांधापर्यंत जायची आणि उभी राहून झाडं बघायची. हंगाम संपून पाऊस पडून गेला, झाडं नुसत्या हिरव्या पानांची झाली, की मी तिला वर जाऊ द्यायची. डॉक्टरांना विचारलं होतं. पानांनी काही होणार नाही, फक्त चीक अंगाला लागू देऊ नका, म्हणाले होते. मग लांब बाह्या घालून ती आजाबरोबर जाळपट्टा काढायची. वणवा आत शिरू नये म्हणून बागेभोवतीचं गवत खरवडून काढतात, तो. त्या कामात ती माझ्याहून हुशार झाली.

एक गोष्ट मात्र घरात कुणी बोलायचं नाही. त्या एप्रिलनंतर सासऱ्यांनी काजू खाल्ला नाही. माळावर उभं आयुष्य घातलेला माणूस, दर वर्षी पोती भरून बी धसईला पाठवायचा, पण एक गर तोंडात टाकला नाही. लग्नाच्या पंगतीत मसालेभातातला काजू बोटाने बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, दातांना सोसत नाय. पोरगी शेजारी बसून हे बघायची. लहानपणापासून बघायची.

ती कल्याणला औषधांचं शिक्षण घेत होती तेव्हा सासऱ्यांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांना ओटीवर खाट घालून दिली. हंगामाचे दिवस होते, म्हणून मी पोरीला येऊ नको म्हटलं होतं. ती तरी आली. घर पुसून घे, मी आत राहते, म्हणाली. दोन दिवस ती त्यांच्या उशाशी बसून त्यांना पेज भरवत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "आई, वर जाऊन थोडे काजू भाज. सोलून, स्वच्छ करून डब्यात आण."

"कुणासाठी?"

"आजासाठी."

मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. मी भाजले, अंघोळ केली, डबा घेऊन आले. तोवर ती अंगणाच्या पार टोकाला, पलीकडच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली होती, नाकातोंडावर ओढणी बांधून. तिथून तिने हाक मारली.

"आजा! आईनं काय आणलंय बघ. खा."

सासऱ्यांनी डब्यात बघितलं आणि मान फिरवली. "मला आवडत नाय," असं काहीतरी म्हणाले. त्यांचे शब्द तेव्हा अर्धेच समजायचे.

"खोटं बोलतोस तू," ती म्हणाली. "माज्यापायी सोडलंस ना? मी कवा सांगितलं होतं तुला? मला काय बरं वाटतंय होय, तू ताटातनं काढून ठेवतोस तवा? सगळी बघतात माझ्याकडं."

मी एक गर त्यांच्या डाव्या हातात ठेवला. तो हात बराच वेळ तसाच पांघरुणावर पडून होता.

"खा आजा. मी लांब हाय. खा."

त्यांनी हात उचलून गर तोंडात घातला. अर्धं तोंड चालत नव्हतं, त्यामुळे चावायला खूप वेळ लागला. आणि चावताना त्यांचे डोळे सारखे तिच्याकडे होते, घाबरलेले, जणू तो घास तिच्याच घशातून उतरत होता. तिच्या लक्षात आलं ते. तिने ओढणी खाली घेतली, दोन्ही बाह्या वर सारल्या आणि हात उन्हात त्यांच्यासमोर धरले, एकदा पालथे, एकदा उताणे.

"बघ. मला काय झालं नाय."

त्यांनी मला डोळ्यांनीच खूण केली. मी दुसरा गर दिला.

सासरे त्याच पावसाळ्यात गेले, भात पोटरीत, कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना, दुपारी, नवरा आणि मी दोघं जवळ होतो. पोरगी कल्याणहून पोचेपर्यंत त्यांना न्यायचे आम्ही थांबलो. तिने त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

आता बाग मी बघते. नवऱ्याची नोकरी संपत आली आहे, तो फवारणी करतो. गेल्या वर्षी ढेकण्या किडीने मोहोर करपवला, त्याआधीच्या वर्षी दोन झाडं खोडकिड्याने आतून पोखरली. कापून काढावी लागली. तरी बाकीची चांगली आहेत. वयाने माझ्या मुलीएवढीच ती, पण खोडं आता मिठीत मावत नाहीत.

ती कल्याणला एका औषधांच्या दुकानात काम करते. मार्च ते मे ती घरी येत नाही. एका हंगामात भाजणीचा धूर वाऱ्याने खाली आला आणि तिला धाप लागली, तेव्हापासून हे ठरलं. त्या तीन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी मी मुरबाडला जाते, ती तिकडून येते. स्टँडसमोरच्या एका हॉटेलात आम्ही बसतो. घरात भेटता येत नाही म्हणून हॉटेलात भेटणाऱ्या मायलेकी बघून तिथला मालक पहिल्यांदा चक्रावला होता. आता तो आम्ही बसलो की न विचारता स्वयंपाकघरात ओरडतो, "काजू नाय घालायचा रे कशात."

यंदाच्या एप्रिलमध्ये तिथेच तिने मला सांगितलं, की तिच्या ओळखीचा एक मुलगा आहे. भिवंडीकडचा, शेतकऱ्याघरचा, तिच्याच दुकानाजवळ नोकरीला. दोघांनी ठरवलं आहे. मी त्याच्या घरादाराबद्दल विचारायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "त्याला सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. माझ्या पर्समधलं इंजेक्शन कसं मारायचं तेपण शिकवलं."

"आणि त्याच्या आईला?"

"त्यांच्या घरी जाऊन आले मी, आई. त्यांनाच सांगितलं सगळं, आजाचंसुद्धा."

"काय म्हणाल्या?"

"उठल्या, डबे काढून माझ्यासमोर मांडले आणि म्हणाल्या, बघ, यात काय काय तुला चालत नाय ते सांग." ती थोडी हसली. "एक गरम मसाल्याचा डबा होता, त्यात वाटलेला काजू होता. तो त्यांनी लगेच शेजारणीला देऊन टाकला. मग विचारलं, शेंगदाणे तरी चालतात ना? म्हटलं, चालतात. तर म्हणाल्या, मग झालं तर."

मी डोळे पुसले, तर ती माझ्या हातांकडे बघत होती. नखांच्या कडेला काळं राहिलं होतं. मी हात टेबलाखाली घेतले. तिने म्हटलं, "असू दे, मी हात नाय लावत."

नवरा ऐकून दिवसभर भिवंडीकडे आपल्या ओळखीचं कोण आहे ते आठवत बसला. बोलणी करायला त्या माणसांनी आमच्याकडे यायचं ठरलं. मे महिन्यात नको, घरात पोती असतात. जून लागला, बी विकून झाली, घर धुतलं, की आषाढाच्या आधी एक रविवार बघून या, असा मी निरोप पाठवला आहे. पोरगीही त्याच दिवशी येईल. ओटीवर बसायला सतरंज्या लागतील, त्या शेजारून मागून घ्यायच्या आहेत.